नोंदवहीतली फुली

टोपीवाल्याचा मला पहिल्या दिवसापासून संशय आला, त्याला कारण त्याची टोपी नव्हे. टोपी चांगली होती. कारण असं की तो बागेत येऊन झाडांकडे, फुलांकडे, कशाकडेच पाहायचा नाही. जमिनीकडे पाहायचा.

आमच्या चर्चमागची ती बाग म्हणजे पूर्वीची दफनभूमी. तीनशे वर्षं शहरातली माणसं तिथं पुरली गेली. मोठ्या घरांतली माणसं चर्चच्या भिंतीला लागून, कामकरी माणसं लांब उत्तरेच्या बाजूला, जिथं ऊन पोचत नाही. पुढे जागा इतकी भरली की नवी कबर खणायला घ्यावी तर जुनी लागायची. मग पंचावन्न वर्षांपूर्वी इथली दफनं बंद झाली, गावाबाहेर नवी जागा झाली आणि इथले दगड उपटून कडेच्या भिंतीला ओळीनं टेकवून ठेवले. मधे हिरवळ आली, बाकं आली. आता दुपारी कचेऱ्यांतली मंडळी तिथं डबे खातात. आपण कुणाच्या उशाशी बसून जेवतोय हे त्यांना ठाऊक नाही. कोण कुठे आहे ते फक्त नोंदवहीत आहे, आणि नोंदवही माझ्याकडे.

चर्चच्या कचेरीत मला तीस वर्षं झाली. पहिल्याच वर्षी मी एक नेम धरला. सकाळी तोंडात पाण्याचा थेंब घालायच्या आधी कचेरीची खिडकी उघडायची आणि त्या तारखेला इथं ज्यांना ज्यांना पुरलं, त्यांची नावं नोंदवहीतून मोठ्यानं वाचायची. नाव, वय, धंदा, रांग, क्रमांक. कधी दोनच असतात, कधी साथीच्या वर्षाची तारीख आली की तीस-तीस. त्यांची आठवण काढायला आता दुसरं कोण आहे? दुसरा नेम खोटं न बोलण्याचा. आणि तिसरा, दुपारी बारापर्यंत कुणाबद्दल वाईट न बोलण्याचा. हा तिसरा फार जड जातो.

"वन्सं, बारा वाजून एक मिनिट झालं," वहिनी ताट वाढता वाढता म्हणायची. "आता बोला. काय केलं आज तुमच्या टोपीवाल्यानं?"

"उत्तरेच्या भिंतीपासून पावलं मोजली. बारा. मग वहीत लिहिलं."

"अगं बाई!"

"आणि मूठभर माती रुमालात बांधून घेतली."

"माती? नक्की बिल्डरचा माणूस. नाहीतर त्या रस्त्यावाल्यांचा." वहिनीनं डोळे बारीक केले. "तुम्ही पोलिसांत असायला हव्या होत्या हो. उगाच देवाच्या दारात अडकलात."

रस्त्याचं खरं होतं. बागेच्या फाटकावर नगरपालिकेची नोटीस लागली होती. शेजारचा रस्ता रुंद होणार, त्यात बागेची उत्तरेकडची पट्टी जाणार, बरोबर बारा पावलं. त्या पट्टीत ज्यांच्या कबरी नोंदीत आहेत त्यांचे अवशेष नव्या दफनभूमीत नेणार, प्रत्येकाची वेगळी पेटी, पेटीवर नाव. चर्चनं यादी शुक्रवारपर्यंत द्यायची. जे यादीत नाही, ते मातीबरोबर भरावाला जाणार. नोटिशीत हे इतक्या उघड शब्दांत नव्हतं, पण मी तीन वेळा वाचून घेतलं होतं.

सोमवारी टोपीवाला कचेरीत आला. अठ्ठावन्न-साठीचा माणूस, बूट स्वच्छ पुसलेले, पण गुडघ्यांवर ओली माती.

"मी इतिहास लिहितोय," तो म्हणाला. "या जुन्या दफनभूमीचा. फादर म्हणाले, नोंदवही तुमच्याकडे असते."

"छान. सुरुवात कुठून करताय?"

"म्हणजे... बासष्ट वर्षांपूर्वीचा हिवाळा बघायला मिळाला तर बरं होईल."

"आणि त्याआधीची अडीचशे-तीनशे वर्षं?"

"ती नंतर."

तीनशे वर्षांचा इतिहास लिहिणारा माणूस एकाच हिवाळ्याला हात घालतो? मी काही बोलले नाही, साडेअकराच वाजले होते. वही पुढे केली. त्यानं पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं आणि मग चेहराच उतरला त्याचा.

"ही नवी प्रत दिसते."

"नऊ वर्षांपूर्वी मीच उतरवून काढली. अक्षर लागतंय ना?"

"अक्षर सुरेख आहे. पण जुनी वही? मूळची?"

"ती दाखवायला नाही," मी म्हटलं.

हे खोटं नव्हतं. पण खोटं नाही म्हणजे खरं बोलले असंही नव्हे, आणि ते मला उभ्या उभ्या कळलं. जुनी वही ओल येऊन कुजली होती, वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या. तेव्हाचे फादर आजारी, अंथरुणाला खिळलेले. आमच्यात नियम असा की असले पवित्र कागद रद्दीत द्यायचे नाहीत, प्रार्थना म्हणत जाळायचे. मी सबंध हिवाळाभर ओळ न् ओळ उतरवून घेतली आणि मग मागच्या अंगणात वही जाळली. राख गुलाबाच्या मुळाशी घातली. विचारलं कुणाला नाही. नवे फादर आले तेव्हा सांगितलंही नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही.

आता हा परका माणूस विचारत होता. का? जमिनीवर हक्क सांगणारा असेल. जुन्या वहीत नसलेलं काही नवीत घुसडलंय असं म्हणायला आला असेल. संध्याकाळी मी पाहिलं तर तो फाटकाशी आमच्या माळ्याशी बोलत होता. माळी मान हलवत होता, हसत होता. वीस वर्षं रोज सकाळी माझ्या खिडकीखाली झाडतो हा माळी. मेणबत्त्यांची थोटकं नाहीशी होतात ती त्याच्याकडेच जातात असा माझा फार दिवसांचा अंदाज होता. तेव्हा तो कुणाला काय विकेल, याचा मला भरवसा वाटेना.

मंगळवारी मी फादरना गाठलं. ते वयानं माझ्या भाच्याएवढे, गोड बोलणारे.

"फादर, त्या माणसाला तुम्ही ओळखता?"

"इतिहासकार आहेत ना? मदत करा त्यांना."

"त्यांनी काही कागद दाखवला?"

"ताई," फादर हसले, "तुम्ही तर माझ्याकडेही असं बघताय की जणू मी चर्चची घंटा विकायला काढलीय."

हसण्यावारी नेलं. पण यादीची आठवण करून द्यायला विसरले नाहीत, "नोंदीत आहे तेवढंच हं. सही माझी आहे."

बुधवारी सकाळी माझं वाचन झालं, पाणी प्यायले आणि खिडकीतून पाहते तर टोपीवाला उत्तरेच्या भिंतीपाशी गुडघ्यांवर बसलेला. टोपी बाजूला गवतात. एक बोट जमिनीत खुपसून तसाच बसलाय. मी तशीच उठले आणि तडक त्याच्यामागे जाऊन उभी राहिले.

"काय शोधताय तुम्ही?"

तो दचकला नाही. उठला, पण टोपी घातली नाही, हातात धरली.

"तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय मला," तो म्हणाला.

"कुणी?"

"आईनं."

साठीच्या माणसाच्या तोंडी हे असं आलं की माझा आवाज आपोआप खाली आला. आम्ही बाकावर बसलो. तो थोडं थोडं बोलला, मधे मधे माझ्याकडे बघत, मी फादरना हाक मारते की काय म्हणून.

त्याच्याआधी त्याला एक थोरला भाऊ झाला होता. जन्मला आणि तासाभरात गेला. बाप्तिस्मा व्हायच्या आधी. त्या काळी अशा बाळाला इथल्या मातीत जागा नव्हती, ते मला ठाऊक होतं. आई दवाखान्यात होती. वडील बाळाला टॉवेलात गुंडाळून घेऊन आले आणि फाटकाबाहेर उभे राहिले. आत यायची हिंमत नव्हती. तेव्हा इथं कबरी खणणारा जो म्हातारा होता, त्याला सगळे खोदकाका म्हणायचे. मी त्याला पाहिलं नाही, पण जुनी माणसं त्याच्या गोष्टी सांगायची. खोदकाकानं बाळ हातात घेतलं. म्हणाला, या आठवड्यात कुणाची तरी कबर उघडीन, त्यांच्या पायाशी ठेवीन. एकटं नाही राहणार. मला लिहिता येत नाही, पण दफन झालं की वहीत अंगठा उठवायला मला बोलावतात, तेव्हा त्या माणसाच्या ओळीपुढे पेन्सिलीनं एक बारीक फुली मारून ठेवीन. कधी विचारायला आलात तर फुली बघा.

"वडिलांनी पुन्हा हा विषय घरात काढू दिला नाही," तो म्हणाला. "ते गेले. आई चौऱ्याऐंशीची आहे. ही नोटीस तिनं पेपरात वाचली आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा सांगितलं. म्हणाली, चर्चच्या लोकांना सांगू नकोस, ते त्याला बाहेर काढतील. नुसती फुली बघून ये. मला एकदा त्याच्यापाशी बसायचंय."

मी ऐकत होते, पण माझ्या कानात दुसरंच काही वाजत होतं. फुली.

आमच्या गायनाच्या प्रार्थना-पुस्तकांत ओळीच्या मधे बारीक फुली असते. तिथं थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढची ओळ. लहानपणापासून मी फुली पाहिली की थांबत आलेय. जुन्या नोंदवहीत काही नावांपुढे पेन्सिलीची फुली होती. मी समजले, माझ्याआधी कुणीतरी ही नावं अशीच वाचत असेल आणि श्वास घ्यायच्या जागा करून ठेवल्या असतील. म्हणून मीही तिथं थांबत गेले. एकवीस वर्षं. आणि नवी प्रत काढताना, श्वासाच्या खुणा काय उतरवायच्या, त्या आता मला पाठ आहेत, असं म्हणून सगळ्या सोडून दिल्या.

"भाऊ," मी म्हटलं, "जुनी वही मी जाळली."

त्यानं टोपी घातली. नीट, दोन्ही हातांनी. "जाळली," एवढंच म्हणाला.

मग मी त्याला सगळं सांगितलं. लपवायचं आता काय राहिलं होतं? तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो उलट मला धीर देत म्हणाला, "त्या आठवड्यात चारच दफनं आहेत. मी तुमच्या वहीत पाहिलं. चारही या पट्टीतली. चारही नावांसमोर लिहून टाका ना, की बरोबर एक बाळ आहे."

"तीन ठिकाणी खोटं होईल. आणि चार पेट्या नव्या जागेत चार रांगांत जातील. आई कुठल्या पेटीपाशी बसतील?"

तो उठून उभा राहिला.

आम्ही कचेरीत आलो. मी म्हटलं, ही फुली डोळ्यांना आठवत नाही, पण जिभेला आठवत असेल. मी वाचते, तुम्ही ऐका, मी कुठे थांबते ते बघा. वही उघडली. एक सुतार, एक शाळामास्तर, एका बेकरीवाल्याची विधवा, एक घोडागाडीवाला. पहिल्यांदा वाचलं तर चौघांपाशी थांबले. दुसऱ्यांदा कुठेच नाही. तिसऱ्यांदा सुताराशी थांबले आणि माझा मलाच संशय आला, की सुताराच्या आधी पान उलटावं लागतं म्हणून तर थांबले नाही? आपण पाऊल कसं टाकतो हे बघत चालायला गेलं की पाय अडखळतो, तसं झालं. तीस वर्षांची सवय एका सकाळीत माझ्या हातातून निसटली.

"ताई," खिडकीबाहेरून आवाज आला. माळी झाडूवर हनुवटी टेकवून उभा. "आज हे कुठल्या तारखेचं वाचताय? हे तर थंडीतलं ना?"

"तू तुझं झाड."

"झाडतोच आहे की. पण तुम्ही थांबत नाही, मग मी कसा थांबू?"

"म्हणजे?"

"तुम्ही थांबलात की मी झाडू थांबवतो," माळी म्हणाला. "फरफर आवाज होतो ना. तुम्ही मोठा श्वास घेता तेव्हा शांत असावं असं आपलं मला वाटतं. थंडीतल्या या नावांत तुम्ही बेकरीवाल्याच्या विधवेशी थांबता. दर वर्षी. आणि इतक्या वेळ, की मला वाटायचं ती तुमची नात्यातली असेल."

टोपीवाला खुर्चीतून उठला. माझ्या मात्र डोक्यात लगेच सोमवारची संध्याकाळ आली. फाटकाशी दोघं. मान हलवणं, हसणं.

"तुला यांनी काही सांगितलं होतं का रे? सोमवारी?"

माळ्याचा चेहरा बदलला. "यांनी मला विचारलं गुलाबाला काय खत घालता. ताई, माझ्यावरही?"

"तुझ्यावरही," मी म्हटलं. खोटं बोलायचं नव्हतं. "आता मला सांग, वर्षभरात मी आणखी कुठे थांबते? तुला आठवतील तेवढ्या जागा."

हे विचारण्यात माझा डाव होता. एक फुली मला डोळ्यांनी आठवत होती, एकच. एका घड्याळजीच्या नावापुढची. तिथं खोदकाकाच्या पेन्सिलीचं टोक मोडून कागद फाटला होता आणि मी तो खळीनं चिकटवला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, वहिनीलासुद्धा नाही. माळ्यानं घड्याळजी सांगितला, तर तो खरा.

माळी बोटांवर मोजत सांगू लागला. "पाऊस संपता संपता ती कपडे शिवणारी. मग एक पाणक्या. ते दोघे भाऊ असतात ना, त्यांतला धाकटा, थोरला नाही." मी वहीच्या कडेला बोट लावून ऐकत होते. "गवत वाढतं तेव्हा एक शिपाई. आणि उन्हाळ्यात, मी नळी लावायला बसतो त्या दिवशी, तो घड्याळजी."

मी वही मिटली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बारा वाजायला अजून खूप वेळ होता, नाहीतर त्या क्षणी मी स्वतःलाच काहीतरी बोलले असते.

"थोटकं मी नेत नाही हां," माळी हळूच म्हणाला. "उंदीर नेतात. सांगायचं राहून गेलं."

गुरुवारी आम्ही तिघं फादरसमोर उभे होतो. आधी मी वही जाळल्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे पुरावा काय? तुमचा श्वास आणि यांचा झाडू?"

"आणि घड्याळजी," मी म्हटलं.

"आणि समजा, ताई, तुम्हीच दर वर्षी चुकीच्या जागी थांबत असाल तर?"

मी म्हटलं, "फादर, तसं असेल तर एका विधवेच्या नावासमोर मी खोटं लिहितेय, आणि ते मला वर जाऊन सांगावं लागेल. पण मी लिहिते. माझ्या हातानं, माझ्या नावानं. तुम्ही फक्त खाली सही करा."

फादरनी टोपीवाल्याकडे पाहिलं. "आईंना कळवा," ते शेवटी म्हणाले, "बाहेर कुणी काढणार नाही." आणि सही केली.

शुक्रवारी दुपारपर्यंत मी आणि माळी बसून आठवत होतो. पट्टीतल्या अकरा नावांसमोर मी लिहिलं, सोबत एक बाळ. अकरावं एका बैलगाडीवाल्या तरुणाचं, त्याबद्दल माळी जरा घुटमळला, मग म्हणाला, हो, तिथं मी एकदा पाय घसरून पडलो होतो, शांतता होती म्हणून आवाज मोठा झाला. बारावी फुली असेल तर ती मला ठाऊक नाही. ती मातीबरोबर गेली असेल तर तेही माझ्याच माथी आहे.

खणायला आले ते महिनाभरानं. चौफेर कनाती लावल्या होत्या. टोपीवाल्यानं आईला खुर्चीत बसवून आणलं. लहानखुरी बाई, हातातली पिशवी छातीशी घट्ट. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि ती नजर मी लगेच ओळखली, कारण महिनाभरापूर्वी मी तिच्या मुलाकडे तशीच पाहत होते.

"मला बरं वाटावं म्हणून तर सांगत नाही ना तुम्ही?" तिनं विचारलं.

"नाही. मी फुली पाहिली होती. तिचा अर्थ मला कळला नव्हता."

"कुणापाशी ठेवलं म्हणालात?"

"बेकरीवाल्याची विधवा. रांग चौथी."

तिनं मान वर केली. मग म्हणाली, "ती होय? आमच्याच गल्लीत होती की. अंगाला नेहमी पिठाचा वास यायचा. माझ्या पोटाला हात लावून म्हणायची, मुलगाच आहे बघ." आणि पिशवीवरचा हात जरा सैल सोडला तिनं. पण नजर कनातीवरून हलली नाही. विश्वास ठेवायला ती अजून तयार नव्हती, आणि मी तिला दोष देणार नाही. मीही तिथंच बघत होते. माझ्या ओठांत प्रार्थना होती, मनात मात्र फादरचा तो चुकीच्या जागेचा प्रश्न होता.

कनात बाजूला झाली. मुकादम बाहेर आला, हातमोजे काढले. दारात ठेवलेल्या पेट्यांकडे बघत आपल्या माणसाला म्हणाला, "लहान पेटी आण रे. चौथ्या रांगेला."

माळ्यानं झाडू भिंतीला टेकवला. आईनं मुलाचा हात धरला आणि उठायचा प्रयत्न केला, मग पुन्हा बसली, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, ती नावं वाचता म्हणे तुम्ही. आज वाचाल?"

तारीख त्या दिवसाची नव्हती. नेमात बसत नव्हतं. सकाळी पाणीही पिऊन झालं होतं. मी वही आणली, तिच्या खुर्चीशेजारी उभी राहिले आणि वाचलं. बेकरीवाल्याच्या विधवेचं नाव, वय, रांग, क्रमांक. आणि थांबले.